मुंबईत डॉग वॉकर ठेवायचाय? आधी त्याच्याबरोबर रस्त्यावर उतरा

बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि आमचा कुत्रा चिकू वॉकरबरोबर पाऊण तास फिरून आला तेव्हा त्याचे चारही पंजे कोरडे होते. मी रोजच्यासारखी दारात टॉवेल घेऊन बसले, पुढचा पाय हातात घेतला, बोटांच्या बेचक्यात बघितलं, चिखलाचा ठिपकाही नाही. खाली जाऊन वॉचमनला विचारलं तर तो आधी गप्पच, मग म्हणाला ताई तो मुलगा चिकूला रोज पार्किंगमधे खांबाला बांधून ठेवतो आणि फोनवर बसतो. किती दिवस चाललं होतं देव जाणे. त्या मुलाला आम्ही का ठेवलं होतं तर शेजारच्या विंगमधे तो येतच होता आणि पैसे कमी सांगितले म्हणून, बाकी एका अक्षराने चौकशी केली नव्हती.

त्यानंतर दोन जण बदलले आणि आता जे दादा येतात त्यांना तीन वर्षं होतील. आम्ही माहीमला राहतो, म्हणजे फूटपाथवर दुकानं, त्याच्या खाली बाइक, त्याच्या बाजूने बस आणि प्रत्येक गल्लीत त्या गल्लीचे कुत्रे. अशा ठिकाणी कुत्रा फिरवणं हे हिंमतीचं आणि अकलेचं काम आहे. माणूस निवडताना काय काय बघायचं ते मी चुका करत शिकले, ते सगळं इथे लिहितेय.

आधी आपल्या कुत्र्याचा एक कागद बनवा

वॉकर शोधायच्या आधी हे करा. एका पानावर लिहा की कुत्र्याचं वय काय, वजन काय, कशाला घाबरतो, कशावर भुंकतो, दुसऱ्या कुत्र्यांशी जमतं का, लहान मुलांवर उड्या मारतो का, कुठली ॲलर्जी, कुठली औषधं, आणि खाली आपल्या वेटचा (जनावरांच्या डॉक्टरचा) नंबर. चिकूच्या कागदावर पहिलीच ओळ आहे "ढोल वाजला की मागे ओढतो". पिल्लू असेल तर लसींचा पूर्ण कोर्स झाल्याशिवाय आणि वेटने हो म्हटल्याशिवाय रस्त्यावर पाठवू नका, मग वॉकर कितीही चांगला असो. पग किंवा शिट्झूसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर त्याला उन्हाचा त्रास लवकर होतो, त्यामुळे वेळ सकाळी लवकरची आणि अंधार पडल्यावरचीच हवी. आणि जो माणूस या वेळेला येऊ शकत नाही तो कितीही गोड बोलला तरी आपल्या कामाचा नाही, हे आधीच ठरवलं की निम्मी डोकेदुखी कमी होते.

कागदपत्रंही याच वेळी नीट करा. रेबीजची लस वेळेवर, लेप्टोची म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी (हा आजार उंदरांच्या मुतामुळे पसरतो, मुंबईत उंदीर आणि तुंबलेलं पाणी दोन्ही आहे, तेव्हा ही टाळू नका), महापालिकेचं डॉग लायसन्स, आणि गळ्यात तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला. लायसन्ससाठी रेबीजचं सर्टिफिकेट लागतं. या सगळ्याचे फोटो वॉकरच्या फोनमधे पाहिजेत, कारण रस्त्यात कोणी अडवलं तर तिथे तो असतो, आपण नसतो.

माणूस कुठे शोधायचा

ॲपवर मिळतात, सोसायटीच्या ग्रुपवर मिळतात. पण मला सगळ्यात भरवशाच्या वाटल्या त्या दोन जागा. एक म्हणजे आपल्या वेटचा दवाखाना, तिथल्या असिस्टंटला बरोबर माहीत असतं की कुठल्या वॉकरचे कुत्रे धडपणे येतात आणि कुठल्याचे जखमा घेऊन येतात. दुसरं म्हणजे तुमच्या गल्लीत रोज रात्री भटक्या कुत्र्यांना जेवण देणारी जी कोणी काकू किंवा मुलगा असेल ती व्यक्ती. त्यांना अख्ख्या एरियाचे कुत्रे आणि वॉकर दोन्ही तोंडपाठ असतात.

आणि मग तीन दिवस सकाळी तुम्ही स्वतः उठा. दादरवाल्यांनी शिवाजी पार्कच्या कट्ट्याला चक्कर मारावी, माटुंग्यात फाइव्ह गार्डन्स, वांद्र्याला कार्टर रोड, कुठेही जिथे वॉकर येतात तिथे. कोणाला काही विचारू नका, नुसतं बघा. एका माणसाच्या हातात किती कुत्रे आहेत? पाच पाच सहा सहा दोऱ्या घेऊन चाललेला माणूस फोटोत छान दिसतो पण त्यातल्या एकाने मांजर बघितली की बाकीच्या पाचांचं काय होतं ते मी एकदा बघितलंय, एक म्हातारा लॅब अक्षरशः फरपटत गेला. माझ्या मते गर्दीच्या रस्त्यावर दोनच्या वर नाही, आणि ते दोघंही एकमेकांच्या ओळखीचे हवेत. शी झाल्यावर माणूस वाकतो का, पिशवी आहे का, की इकडेतिकडे बघून पुढे जातो हेही बघा. जो दुसऱ्याच्या कुत्र्याची घाण उचलत नाही तो तुमच्याही कुत्र्याची उचलणार नाही आणि सोसायटीत शिव्या तुम्ही खाणार.

बोलताना काय विचारायचं

"कुत्रे आवडतात का" हा प्रश्न विचारूच नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा की गल्लीतले चार कुत्रे अंगावर आले तर तुम्ही काय करता. जो म्हणेल काठी ठेवतो किंवा दगड मारतो त्याला तिथेच नमस्कार करा. त्याने एक जरी दगड मारला तरी ते कुत्रे लक्षात ठेवतात, आणि पुढच्या वेळी राग तुमच्या कुत्र्यावर निघतो. आमच्या दादांनी सांगितलं होतं की मी थांबतो, चिकूला माझ्या मागे घेतो, त्यांच्याकडे पाठ करत नाही आणि हळूहळू तिरका निघतो, पळत तर अजिबात नाही, आणि मुळात त्या गल्लीतल्या कुत्र्यांशी मी आधी आठवडाभर एकटा जाऊन ओळख करतो. त्या शेवटच्या वाक्यावर मी मनात त्यांना ठेवून टाकलं.

दुसरा प्रश्न, तोंडात हाड उचललं तर? मुंबईत हा रोजचा प्रकार आहे, चायनीजच्या गाडीच्या मागे सकाळी चिकनच्या हाडांचा सडा पडलेला असतो आणि शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं, ते आतड्याला लागू शकतं. चांगला वॉकर त्या बाजूने जातच नाही, आणि कुत्र्याने काही उचललंच तर खाऊ दाखवून बदल्यात सोडवून घेतो, हिसकावत नाही.

तिसरा, पट्टा सुटला तर? उत्तरात "आधी तुम्हाला फोन करतो" हे आलंच पाहिजे. लपवणारा माणूस सगळ्यात वाईट.

ओळखपत्राची कॉपी घ्या, आधी जिथे काम केलं अशा दोन घरी फोन करा, आणि किल्ली देणार असाल तर पोलिस व्हेरिफिकेशन करून घ्या. लाजू नका, ज्याचं काम स्वच्छ आहे त्याला याचं काही वाटत नाही.

आता खरी परीक्षा: चार दिवस बरोबर चाला

हे लोक टाळतात, ऑफिसची घाई असते वगैरे, पण प्लीज हे टाळू नका. घरात सोफ्यावर कुत्र्याला कुरवाळणं कोणालाही जमतं. पहिल्या दिवशी त्यांना नुसतं घरी बसू दे, कुत्र्याने स्वतःहून जवळ जाऊन वास घेऊ दे, तोपर्यंत हातात लीश (फिरवायची दोरी) देऊ नका. मग दुसऱ्या दिवसापासून ज्या वेळेला रोज फिरायला जाणार त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, तुम्ही त्यांच्यापासून दहा पावलं मागे.

बघायचं काय तर हात. आमच्या दादांचा हात मी पहिल्याच दिवशी बघितला. लीशचा फास उजव्या अंगठ्यात अडकवलेला, मूठ बंद, डावा हात लीशच्या मधे, कुत्र्याच्या बाजूला, आणि दोरी थोडी सैल, इंग्रजी यू सारखी लोंबती. एल. जे. रोड क्रॉस करताना ते कडेला थांबले, डाव्या हाताने दोरी आखूड केली, चिकू पायाला चिकटला, बस गेली, मग निघाले आणि पलीकडे गेल्यावर परत दोरी सैल. एकदाही ओढलं नाही. आधीच्या मुलाची दोरी कायम ताणलेली असायची आणि दुसऱ्या हातात फोन. ज्याच्या एका हातात फोन आहे त्याच्याकडे गर्दीत वापरायला एकच हात आहे, एवढा साधा हिशोब.

वास घेऊ देतो का तेही बघा. कुत्र्यासाठी फिरणं म्हणजे निम्मं वास घेणंच असतं, खांबापाशी अर्धा मिनिट थांबला की लगेच खेचणारा माणूस त्याचं फिरणं फुकट घालवतोय. अर्धा तास भराभरा चालवून आणलेला कुत्रा घरी येऊन परत अस्वस्थ फिरत राहतो.

दोरी, पट्टा, हार्नेस

हे तुम्ही विकत घेऊन द्या, वॉकर आणेल त्यावर ठेवू नका. चार ते पाच फुटांची साधी जाड लीश घ्या, ती लांब होत जाणारी चक्रीवाली गर्दीत नकोच, बाइक आली की ती आवरत नाही आणि दोरी बोटात रुतते. चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी, नको. इंडी म्हणजे आपले देशी कुत्रे घाबरले की मागे रेटून कॉलरमधून मान काढून घेतात, म्हणून आम्ही हार्नेस (छातीवरून अडकवायचा पट्टा) आणि कॉलर दोन्ही घालतो आणि दोन्हीला जोडणारी छोटी क्लिप लावतो. कॉलरखाली तुमची दोन बोटं जातील इतकीच सैल हवी. हे वॉकरला स्वतः करून दाखवायला सांगा, निघताना रोज तपासायची सवय त्यांनाच लागली पाहिजे.

पैसे आणि सुट्ट्या, आधीच स्पष्ट

दर एरियाप्रमाणे, कुत्र्याच्या साइजप्रमाणे आणि किती टाइम फिरवायचं त्याप्रमाणे बदलतात, त्यामुळे आपल्या आसपासच्या तीन घरी विचारा आणि सगळ्यात स्वस्त तो घेऊ नका. स्वस्तात येणाऱ्याला महिना भरवायला जास्त घरं धरावी लागतात, मग तो तुमची अर्ध्या तासाची चक्कर पंधरा मिनिटांत उरकतो. किती मिनिटं, किती वाजता, आठवड्याची सुट्टी कुठली, तुम्ही बाहेरगावी असताना पगार कापणार की नाही (मी कापत नाही, त्यांनी आपली वेळ राखून ठेवलेली असते), दिवाळीला काय, हे सगळं व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून पाठवा आणि त्यांचं "ओके" घ्या. दारात पाणी विचारा. आणि एक मनापासून सांगते, रेबीज होऊ नये म्हणून आधीच घेता येतात अशा लसी माणसांसाठी असतात, त्या वॉकरला डॉक्टरांकडून घ्यायला लावा आणि खर्च तुम्ही करा, तो रोज रस्त्यावरच्या कुत्र्यांमधून तुमच्यासाठी जातोय. तरीही चावा झालाच तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि लगेच हॉस्पिटल, हे त्यांना पाठ असू दे.

लिफ्टवरून सोसायटीत कटकट झाली तर वॉकरला एकट्याला तोंड द्यायला लावू नका. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक तत्त्वांमधे स्पष्ट आहे की सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्टची बंदी करता येत नाही. त्याची प्रिंट वॉचमनच्या केबिनमधे देऊन ठेवा. आणि आपणही कुत्रा लीशवर, घाण उचललेली, हे पाळा, म्हणजे बोलायला तोंड राहतं.

पाऊस, मे महिना आणि फटाके

पावसाळ्यात दोन नियम. तुंबलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, लेप्टो आणि उघडं गटार दोन्हीची भीती असते, आणि विजेच्या खांबाजवळ, फीडर पिलरजवळ (रस्त्याकडेची विजेची पेटी) कुत्र्याला जाऊ द्यायचं नाही कारण ओल्या खांबात करंट उतरतो आणि कुत्रा नेमका तिथेच पाय वर करतो. घरी आल्यावर पंजे पुसायचे, बोटांमधे आणि कानात गोचीड बघायची. मे महिन्यात निघायच्या आधी वॉकरने तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच-सात सेकंद ठेवायची, आपल्याला चटका बसला तर पंजालाही बसतो. गणपतीची मिरवणूक आणि दिवाळीत फिरायची वेळ बदलायची, आवाज सुरू व्हायच्या आधी जाऊन यायचं, मग भले चक्कर दहा मिनिटांचीच होवो.

लक्ष कसं ठेवायचं

आमच्या सोसायटीत मायगेट हे गेटवरच्या नोंदीचं ॲप आहे, त्यात वॉकर बाहेर किती वाजता गेला आत किती वाजता आला ते कळतं, पण पार्किंगमधे बसणारा त्यात सापडत नाही. म्हणून महिन्यातून दोनदा न सांगता खाली उतरा. रोज एक फोटो मागा आणि शी पातळ असेल तर तेही कळवायला सांगा. बाकी कुत्राच सांगतो. दादांची चप्पल जिन्यात वाजली की चिकू लीश तोंडात घेऊन दाराशी उभा. आधीच्या मुलाची बेल वाजली की तो माझ्या आईच्या पलंगाखाली जायचा आणि आम्ही म्हणायचो आळशी आहे. तुमचा कुत्रा वॉकर आल्यावर शेपटी पायात घालत असेल, अंग आक्रसत असेल, तर त्याच दिवशी थांबवा, महिना संपायची वाट बघू नका.

इमर्जन्सीसाठी वेटचा नंबर, रात्री उघडा असलेला एखादा दवाखाना आणि परळचं बैलघोडा हॉस्पिटल (बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल) कुठे आहे ते त्यांना एकदा टॅक्सीने नेऊन दाखवा. पत्ता पाठवणं आणि रस्ता माहीत असणं यात फरक आहे.

आणि मे महिन्यात ते गावी जाणार, ते धरूनच चला. बदली माणूस त्यांनाच शोधायला सांगा, पण एप्रिलच्या मध्यापासून तो त्यांच्याबरोबर रोज चालला पाहिजे, आधी नुसता बाजूने, मग हातात लीश घेऊन, आणि त्या दिवसांचे पैसे दोघांनाही द्या.