लेक लेनियरवर स्ट्रायपरसाठी ट्रोलिंग: या चुका टाळा

सोनारवर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) मासे ढिगाने दिसतात, चार तास ट्रोलिंग केलं, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेले, डब्यातला प्रत्येक लुअर (नकली आमिष) बदलून पाहिला, तरी रॉड वाकला नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला असलेल्या लेनियर तलावावर उन्हाळ्यात नव्याने स्ट्रायपर (पट्टेदार बास मासा) गरवायला लागलेल्या बहुतेकांची हीच तक्रार असते. लुअर बदलून ती सुटत नाही, कारण बहुतेक वेळा लुअर चांगलाच असतो. तो माशाच्या खालून किंवा नको त्या वेगाने चाललेला असतो.

स्ट्रायपर मुळात समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा. दक्षिण कॅरोलायनात १९४१ साली सँटी-कूपरची धरणं झाली, मासे आत अडकले आणि गोड्या पाण्यातच जगू लागले, वाढू लागले. तिथूनच हा मासा इतर जलाशयांत सोडण्याची वाट खुली झाली. लेनियरमध्ये मात्र त्याची वीण होत नाही. अंडी जवळजवळ दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात आणि इथल्या नद्यांना तेवढी लांबी नाही. म्हणून जॉर्जियाचं वन्यजीव खातं दरवर्षी पिल्लं सोडतं. म्हणजे तुमच्या गळाला लागणारा प्रत्येक स्ट्रायपर माणसाने वाढवून सोडलेला असतो. हे मला महत्त्वाचं वाटतं. का, ते शेवटी लिहितो.

खोलीचा अंदाज

जुलै-ऑगस्टमध्ये इथे बरेच जण शिशाचा गाभा असलेली लेड-कोअर दोरी वापरतात. तिचा रंग दर १० यार्डांनी बदलतो, म्हणून किती दोरी सोडली ते रंगांवरून मोजता येतं. ढोबळ हिशेब असा: ताशी दोन-अडीच मैल वेगाला एक रंग म्हणजे सुमारे ५ फूट खोली. सात रंग सोडले की ३५ फुटांच्या आसपास. जड बकटेल जिग लावला (शिशाचं डोकं आणि मागे हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुपका) तर थोडं आणखी खाली.

आता चूक पाहा. सोनारवर मासे ३५ फुटांवर दिसतात, म्हणून माणूस आठ-नऊ रंग सोडतो, ‘खोल गेलेलं बरं’ म्हणून. हे उलटं आहे. स्ट्रायपर वर पाहून झडप घालतो आणि त्याच्या पोटाखालून गेलेल्या लुअरकडे सहसा वळत नाही. मासे ३५ वर असतील तर जिग ३० वर चालवा. सहा रंग पुरेत.

दुसरी गंमत दोरीच्या लांबीची. सात रंग म्हणजे २१० फूट दोरी. ताशी अडीच मैल वेगाने बोट सेकंदाला साडेतीन फुटांहून थोडी जास्त सरकते. म्हणजे सोनारवर दिसलेल्या माशांपर्यंत तुमचा जिग पोचायला जवळजवळ एक मिनिट लागतो. मासे दिसताच बोट वळवणारे लोक त्या मिनिटाच्या आतच जिग दुसरीकडे ओढून नेतात. सरळ जा आणि ते मिनिट जाऊ द्या.

वेग

वेग बदलला की खोलीही बदलते. जोर वाढवला तर दोरी वर उठते, कमी केला तर जिग बुडतो. वारा मागून असला की बोट नकळत वेग घेते, वाऱ्याच्या तोंडावर तीच बोट रेंगाळते. इंजिनाचे फेरे तेच ठेवून भागत नाही. जीपीएसचा आकडा बघत राहा. एका दिशेने जाताना मासे लागतात आणि परतताना लागत नाहीत, तेव्हा मी आधी वेग तपासतो.

मासा वळणावर लागला तर तीही खूणच समजा. वळताना आतल्या बाजूचा लुअर मंदावतो आणि खाली जातो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. आतल्या रॉडला मासा लागला तर जरा हळू जा, बाहेरच्याला लागला तर वेग वाढवा.

बारीक पण नडणाऱ्या गोष्टी

क्रँकबेट (डुलत पोहणारा, माशाच्या आकाराचा लुअर) एका बाजूला तिरका पळत असेल तर दोरी बांधायची कडी पक्कडीने उलट बाजूला किंचित वाकवा, अगदी केसभर. त्याला थेट जड स्नॅप-स्विव्हल (फिरत्या कडीची क्लिप) लावू नका, हालचाल मरते; साधा स्नॅप, म्हणजे नुसती क्लिप, पुरतो. रॉडचं टोक थरथरायचं थांबलं तर हुकात पान किंवा काडी अडकली आहे. ताबडतोब ओढून बघा, तसा लुअर तासभर नेऊन काही होणार नाही.

मासा लागल्यावर

लगेच इंजिन बंद करतात ही सगळ्यात महागडी चूक. लेनियरच्या तळाशी धरण होण्याआधीची झाडं अजून उभी आहेत. बोट थांबली की बाकीच्या लेड-कोअर दोऱ्या बुडतात आणि थेट त्या फांद्यांत जातात. बोट हळू चालू ठेवा, आधी दुसरी दोरी गुंडाळून घ्या. रॉडला झटका मारायची गरज नाही, चालत्या बोटीने हुक केव्हाच रुतलेला असतो. ड्रॅग (रीळाचा ब्रेक) लीडरच्या, म्हणजे लुअरजवळच्या दोरीच्या तुकड्याच्या, ताकदीच्या चौथ्या हिश्शाइतका ठेवा. २० पौंडी लीडरला ५ पौंड.

उन्हाळ्यात सोडून देण्याची चूक

मोठ्या स्ट्रायपरला गार पाणी लागतं, पंचावन्न ते अडुसष्ट फॅरनहाइटच्या आसपासचं. जुलैत वरचं पाणी पंच्याऐंशीच्या पुढे असतं आणि खूप खोलात प्राणवायू कमी होत जातो. मासा मधल्या पट्ट्यात दाटीने अडकलेला असतो. तिथून ओढून वर आणलेला, झुंजून थकलेला मासा गरम पाण्यात सोडला तर डोळ्यांसमोर पोहत जातो आणि खाली जाऊन मरतो. ‘वीस पकडले, वीस सोडले’ असं अभिमानाने सांगणारे ऐकले की मला वाईट वाटतं. इथला प्रत्येक मासा माणसाने सोडलेला, मेलेल्यांची जागा वीण भरून काढत नाही. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत घरी न्यायचे तेवढेच पकडा, तेही नियमातल्या संख्येत आणि मापात. ते बर्फात गेले की दोऱ्या गुंडाळा. पकडून सोडण्याची हौस असेल तर वरचं पाणी सत्तरच्या खाली आल्यावर, नोव्हेंबरात या. तेव्हा सोडलेला मासा शेपटीने पाणी उडवून खरंच निघून जातो.