प्रलयोत्तर व्हिडिओ गेमसाठी ब्रिटनची पार्श्वभूमी कशी रचावी

अणुयुद्धानंतरचे जग म्हटले की बहुतेक गेम-लेखकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले ओसाड वाळवंट, त्यातून सरळ जाणारा महामार्ग आणि जागोजागी सापडणाऱ्या बंदुका येतात. त्याच नकाशावर लाल टेलिफोन बूथ आणि दुमजली बस आणून ठेवली म्हणून ब्रिटन तयार होत नाही. ब्रिटन हा दमट, दाटीवाटीचा, दगडी बांधांनी आणि झुडपी कुंपणांनी तुकडे पाडलेला देश आहे. शिवाय आपल्या विनाशाची तयारी त्याने शीतयुद्धाच्या काळात कागदावर आणि जमिनीखाली इतक्या बारकाईने करून ठेवली होती, की लेखकाला नवे रचण्यापेक्षा जे होते ते नीट पाहून घेण्याचेच काम अधिक आहे.

सर्वांत आधी आपत्तीचे वर्ष ठरवावे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. समजा, 1983 सालचा हिवाळा निवडला. मग मोबाइल नाहीत, कोळशाच्या खाणी चालू आहेत आणि लंडनच्या टेम्स नदीवरचा पूररोधक बांध कार्यान्वित झालेला असला, तरी त्याचे औपचारिक उद्घाटन मे 1984 मध्ये व्हायचे आहे. उत्तर लंडनमधील 10, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 च्या सुमारास राहिले होते. ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. मराठी लेखकाला तिथे स्मारक दाखवण्याचा मोह होणे साहजिक आहे, पण 1983 च्या गेममध्ये तो आवरायला हवा. मात्र साउथहॉल आणि लेस्टरमधील भारतीय वस्त्या त्या वर्षी चांगल्या रुजलेल्या होत्या, त्यामुळे केवळ गोऱ्या पात्रांचे ब्रिटन दाखवणेही तितकेच चुकीचे ठरेल.

वर्ष ठरले की घरांच्या आतली मांडणी आपोआप सुचू लागते. सरकारने 1980 मध्ये विक्रीला आणलेल्या एका पुस्तिकेत नागरिकांना सांगितले होते, की घरातील खोल्यांची दारे काढून ती आतल्या भिंतीला तिरकी टेकवावीत, त्यांवर माती किंवा वाळू भरलेल्या पिशव्या रचाव्यात आणि 14 दिवसांचे अन्नपाणी घेऊन त्या आडोशाखाली राहावे. याचा गेममध्ये फार चांगला उपयोग होतो. ज्या घरात बिजागऱ्या आहेत पण दारे नाहीत, तिथल्या कुटुंबाला इशाऱ्यानंतर थोडा वेळ मिळाला होता. ज्या घरात दारे जागच्या जागी आहेत, तिथे तो मिळाला नाही किंवा कोणी विश्वासच ठेवला नाही. एकाही संवादाशिवाय खेळाडूला हे कळते. भिंतीवर रक्ताने लिहिलेले संदेश मला याच्या तुलनेत फारच भडक वाटतात.

नकाशा लहान ठेवावा. संपूर्ण देश आक्रसून बसवण्यापेक्षा इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया परगण्यातील एखादे खोरे, दहा-बारा किलोमीटरच्या परिसरात खऱ्या मापाने उभे करणे केव्हाही चांगले. तिथे डोंगरमाथ्यांवर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशे बनवणाऱ्या सरकारी संस्थेने 1936 पासून उभारलेले मोजणीचे काँक्रीटचे खांब आहेत आणि शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आहेत. पडद्यावरचा बाण काढून टाकून खेळाडूच्या हाती या संस्थेचा कागदी नकाशा दिला आणि धुक्यातून खांब शोधत स्वतःचे ठिकाण ठरवायला लावले, तर नुसते चालणेही खेळाचा भाग होते.

किरणोत्साराचा नकाशा काढताना मात्र कंपासने वर्तुळे आखू नयेत. येथे 1986 च्या चेर्नोबिल दुर्घटनेचा धडा उपयोगी पडतो. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला किरणोत्सर्गी ढग ब्रिटनवरून जात असताना ज्या भागांत जोराचा पाऊस झाला, त्या कंब्रिया, उत्तर वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही डोंगराळ पट्ट्यांत सीझियम-137 जमिनीवर उतरले. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते. डोंगरावरच्या आम्लधर्मी पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या) जमिनीत मात्र ते मोकळे राहते, गवतात चढते, गवतातून मेंढीत जाते आणि लेंड्यांवाटे पुन्हा जमिनीत येते. म्हणून तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवरील निर्बंध थेट 2012 पर्यंत टिकले. मर्यादेहून अधिक किरणोत्सार आढळलेल्या जनावरांवर रंगाची खूण केली जात असे. गेममध्ये याचा अर्थ असा, की हिरवेगार कुरण घातक असू शकते, खालच्या चिकण शेतातले बटाटे खाण्याजोगे असू शकतात आणि रंगवलेल्या मेंढीचे मांस विकत घ्यायचे की नाही, हा खेळाडूपुढचा खराखुरा पेच ठरतो. पावसाच्या नोंदी आणि मातीचे प्रकार हे दोन थर एकमेकांवर ठेवले की धोक्याचा नकाशा तयार होतो.

मोहिमांसाठी सर्वांत उत्तम ठिकाण म्हणजे अणुस्फोट आणि किरणोत्सार यांची नोंद घेणाऱ्या रॉयल ऑब्झर्व्हर कोअर या स्वयंसेवक दलाची भूमिगत निरीक्षण ठाणी. अशी 1,500 हून अधिक ठाणी देशभर बांधली गेली. 1968 मध्ये त्यांपैकी जवळपास निम्मी बंद झाली आणि उरलेली 1991 पर्यंत चालू होती. शेताच्या कोपऱ्यात एक लोखंडी झाकण, त्याखाली सुमारे साडेचार मीटरची शिडी आणि तळाशी तीन स्वयंसेवकांपुरती एक कोंदट खोली, एवढाच त्यांचा व्याप. वर जमिनीवर चार दिशांना सूक्ष्म छिद्रे असलेला पांढरा डबा बसवलेला असे आणि त्याच्या आत फोटोचा कागद. स्फोटाच्या झगझगाटाने कागदावर ठिपका उमटे; वेगवेगळ्या ठाण्यांच्या ठिपक्यांवरून स्फोटाची जागा आणि उंची काढायची, अशी योजना होती. पण तो कागद बदलण्यासाठी स्फोटानंतर तिघांपैकी एकाला शिडी चढून बाहेर जावे लागणार होते. कोणी जायचे, हा निर्णय खेळाडूवर सोपवावा.

शस्त्रांबाबत हात आखडता ठेवावा. ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुले 1983 मध्येही परवान्याशिवाय बाळगता येत नव्हती, आणि 1996 च्या डनब्लेन येथील शाळेतील गोळीबारानंतर 1997 मध्ये त्यांच्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. खेड्यात सापडेल ती शेतकऱ्याची दुनळी शॉटगन आणि मोजकी काडतुसे. त्यामुळे प्रत्येक गोळीला किंमत येते आणि पळून जाणे, लपणे किंवा बोलून मार्ग काढणे या पर्यायांना वजन प्राप्त होते.

सत्ताकेंद्रे रचताना चामड्याचे कपडे घातलेल्या टोळ्या आणण्याची गरज नाही. सरकारी योजनेत युद्धानंतर देशाचे प्रादेशिक विभाग पाडून प्रत्येकावर व्यापक अधिकारांचा आयुक्त नेमायचा होता. केंद्र सरकारसाठी विल्टशायरमधील कॉर्शमच्या जुन्या दगडखाणीत 4,000 जणांचे भूमिगत नगरच उभारले होते. पीठ, साखर, चरबी आणि बिस्किटे साठवलेली सरकारी गोदामे गावोगावच्या लोकांना फारशी ठाऊक नव्हती. त्या गोदामाची किल्ली एका मवाळ बोलणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्याकडे आहे आणि चर्चच्या सभागृहात गावकऱ्यांची बैठक भरली आहे. संघर्षाला एवढे पुरे.

कंब्रियाऐवजी पूर्व किनारा घेतला तर मुख्य शत्रू पाणी होईल. फेन्स हा प्रदेश पंपांच्या जोरावरच कोरडा राहतो. तिथल्या होम गावाजवळ 1851 मध्ये जमिनीच्या पातळीपर्यंत रोवलेला लोखंडी खांब पीट आटून खचल्यामुळे आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे, म्हणजे पंप थांबल्यावर पाणी कुठवर चढेल हे दाखवायला तो आयताच मिळतो. टेम्सच्या मुखाशी 1944 मध्ये रुतलेल्या रिचर्ड माँटगोमेरी या जहाजाच्या डोलकाठ्या पाण्यावर दिसतात आणि त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके अजून आहेत. 1983 च्या खेळाडूलाही तेथून होडी नेताना वाट वाकडी करावीच लागेल.

शेवटी प्रकाशाचे गणित तपासावे. डिसेंबरमध्ये लंडनला दिवस आठ तासांपेक्षा कमी असतो, जूनमध्ये साडेसोळा तासांहून अधिक, आणि कंब्रिया त्याहून उत्तरेला आहे. भारतातल्या सवयीने दिवस-रात्र समसमान ठेवू नयेत. हिवाळ्यातली मोहीम चार वाजण्यापूर्वी संपेल अशा बेताने अंतरे ठेवावीत, किंवा ती मुद्दाम संपू देऊ नये.