युद्धाने लोकशाही आणण्याचा दावा कसा तपासावा : इराकचा धडा

आमचे मत आधीच सांगतो: लोकशाही आणण्यासाठी म्हणून कोणत्याही बलाढ्य देशाने युद्ध करू नये. पण वादविवादात किंवा निबंधात नुसते मत मांडून भागत नाही, समोरच्याचा दावा तपासता यायला हवा. त्यासाठी अमेरिकेने सद्दाम हुसेनची राजवट उलथवली ते २००३चे इराक युद्ध सर्वांत उपयोगी. तिथे कोणता निर्णय कधी घेतला आणि त्यातून काय झाले, हे तारखेनिशी उपलब्ध आहे.

कारणे दोन रकान्यांत लिहा

युद्धाआधी दिलेली कारणे डावीकडे लिहा, नंतरची उजवीकडे. इराकच्या बाबतीत डावीकडे सर्वांत वर महासंहारक (अणु, रासायनिक, जैविक) अस्त्रे येतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी फेब्रुवारी २००३च्या भाषणात स्वतंत्र इराकचा उल्लेख केला होता, तोही प्रामाणिकपणे नोंदवा. पण लोकशाही पहिल्या क्रमांकावर आली ती अस्त्रे सापडेनात तेव्हा. कारणांचा क्रम असा बदललेला दिसला, की लोकशाहीसाठी लागणारी माणसे आणि आराखडा आधी तयार होता का, हे लगेच शोधा.

त्याखाली कायद्याची एक ओळ हवी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करते. अपवाद दोन: कलम ५१खालचे स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची मंजुरी. परक्या देशातली राजवट बदलणे हा तिसरा अपवाद नाही. भारतानेही जुलै २००३मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून, इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला होता.

जपान आणि जर्मनी पुढे केले तर

दुसऱ्या महायुद्धानंतर ताबा घेऊन तिथे लोकशाही आणलीच ना, हा युक्तिवाद हमखास येतो, तेव्हा आधी तिथे काय होते ते विचारा. जपानमध्ये संसद १८९०पासून होती आणि पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार १९२५मध्येच मिळाला होता. जर्मनीने १९१९पासून वायमार प्रजासत्ताक, म्हणजे निवडून आलेल्या संसदेचा कारभार, अनुभवले होते. शिवाय जपानमध्ये अमेरिकनांनी सम्राटाला ठेवले, बहुतेक नोकरशाहीही ठेवली आणि तिच्याकडूनच कारभार करून घेतला. मुख्य म्हणजे ही युद्धे लोकशाही आणण्यासाठी सुरू झालेलीच नव्हती. उदाहरणे मोजायचीच असतील तर हैतीही मोजा. १९१५ ते १९३४ अमेरिकेचा ताबा होता, आणि त्याच काळात, १९१७मध्ये, तिथले विधिमंडळ बरखास्त झाले.

सैनिकांचा हिशेब करा

ताब्यातल्या प्रदेशात शांतता राखायला हजार लोकांमागे साधारण २० सुरक्षारक्षक लागतात, असा एक ढोबळ आडाखा लष्करी अभ्यासक वापरतात. इराकची लोकसंख्या तेव्हा सुमारे अडीच कोटी, म्हणजे गरज पाच लाखांची. अमेरिकेचे सैन्य दीड लाखाच्या आसपास होते. अमेरिकेचे लष्करप्रमुख शिन्सेकी यांनी काही लाख सैनिक लागतील असे युद्धाआधीच सांगितले होते, ते मनावर घेतले गेले नाही. एप्रिलमध्ये बगदाद पडल्यावर मंत्रालये लुटली जात असताना थांबवायला माणसे नव्हती. तेल मंत्रालयावर मात्र पहारा होता, आणि ते इराकींनी डोळ्यांनी पाहिले.

पगारपत्रक पाहा

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. राजवट पडल्याच्या दुसऱ्या महिन्यात शिक्षक, पोलीस, पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि सैनिक यांना पगार कोण देणार?

इराकमध्ये अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी १६ मे २००३ला पहिला आदेश काढला: सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतल्या सर्वांना सरकारी नोकरीतून काढा. नोकरीसाठी पक्षाचे सदस्य झालेले शिक्षक आणि डॉक्टरही त्यात सापडले. आठवड्याने, २३ मेला, दुसऱ्या आदेशाने सगळे लष्कर बरखास्त केले. शस्त्र चालवता येणारी लाखो माणसे एका दिवसात बेकार झाली, शस्त्रसाठे बेवारस पडलेलेच होते. सैनिकांनी निदर्शने केल्यावर महिन्याभराने मानधन जाहीर झाले, पण तोवर अपमान पोचला होता. यातले कितीतरी अधिकारी पुढे बंडखोरीत आणि नंतर ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेत दिसले. मतपेटीला पहारा देणारे राज्यच मोडले, तर मतदान कितीही उत्साहात झाले तरी निकाल बंदूकवालाच ठरवतो.

निवडणुकीचे नियम वाचा, फोटो पाहू नका

३० जानेवारी २००५च्या मतदानातली जांभळ्या शाईची बोटे जगभर झळकली. नियम मात्र फारसे कुणी वाचले नाहीत. अख्खा देश एकच मतदारसंघ आणि मत पक्षाच्या यादीला. ज्या प्रांतात भीतीने किंवा बहिष्काराने मतदान झाले नाही, त्याच्या जागा दुसरीकडच्या मतांनी भरल्या गेल्या. सुन्नीबहुल अनबारमध्ये मतदान दोन टक्क्यांच्या आसपास होते. २७५ जणांच्या सभेत सुन्नी प्रतिनिधी मोजकेच आले आणि हीच सभा घटना लिहिणार होती. ऑक्टोबरच्या सार्वमतात अनबार आणि सलाहुद्दीन या दोन प्रांतांनी घटना दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी फेटाळली. तिसऱ्या प्रांतातही तसे झाले असते तर ती रद्दच झाली असती. चार महिन्यांनी समारा इथल्या, शियांना पवित्र असलेल्या अस्करी दर्ग्यावर बॉम्बस्फोट झाला आणि शिया-सुन्नी कत्तली भडकल्या.

किमान पंधरा वर्षे मोजा

मतदानाच्या दिवशी निकाल लावू नका. २०१०च्या निवडणुकीत माजी पंतप्रधान अल्लावींच्या आघाडीला ९१ आणि तेव्हाचे पंतप्रधान मलिकींच्या आघाडीला ८९ जागा मिळाल्या, तरी नऊ महिन्यांनी पंतप्रधान झाले मलिकीच. जून २०१४मध्ये मोसुल शहर ‘इस्लामिक स्टेट’च्या हाती पडले. दुसरी बाजूही लिहा: इराकमध्ये निवडणुका थांबलेल्या नाहीत, पंतप्रधान मतदानानंतर बदलतात. सद्दामच्या काळात हे शक्य नव्हते. ही जमेची बाजू लपवणाऱ्याचा युक्तिवाद पहिल्याच प्रतिप्रश्नाला कोसळतो. खर्चाच्या बाजूला नुसत्या नोंद झालेल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडाच लाखाच्या पुढे जातो. तोही त्याच पानावर हवा.

मागणी कुणाची, ते शोधा

ऑक्टोबर २०१९मध्ये बगदादच्या तहरीर चौकात तरुण उतरले ते धर्म-पंथानुसार पदे वाटून घेण्याच्या रिवाजाविरुद्ध. गोळीबारात शेकडो मेले. पंतप्रधान अब्दुल महदी यांना राजीनामा द्यावा लागला. नवा निवडणूक कायदा आला आणि २०२१ची निवडणूक ८३ छोट्या मतदारसंघांत झाली, त्यामुळे अपक्ष निवडून येऊ शकले. २००५च्या निवडणुकीसाठी परक्या सत्तेच्या देखरेखीखाली ठरलेली चूक इराकींनी स्वतः सुधारली होती. २०२३मध्ये मोठ्या पक्षांनी संसदेत तो कायदा पुन्हा बदलला आणि यादीपद्धत परत आणली.