वहीत सगळीकडे सत्तर

फूड टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा माझा मुक्काम कायम पॅकिंगच्या खोलीत. डबा उघडायचा, गर पांढरा आहे ना बघायचं, सही ठोकायची. गिऱ्हाईक डब्यातला काजू बघतं, मग आपणही तोच बघावा, असा माझा सरळ हिशेब. नव्याने धंद्यात येणाऱ्या बहुतेकांचा असाच असतो, म्हणून हे लिहितोय.

बी वाळवायची, वाफेवर शिजवायची, निदान रात्रभर थंड होऊ द्यायची, मग हातापायाच्या यंत्रावर फोडायची. गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या खोलीत वाळवायचा, तांबडी साल काढायची, प्रतवारी करायची आणि डबा भरायचा. साधारण चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. डब्ल्यू २४० ही गराची एक प्रत, म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर. त्यातल्या एखाद्याची पाकळी झाली, म्हणजे गर दुभंगला, की भाव घसरला. पैसा दिसतो डब्यात, पण तो राहतो किंवा जातो आधीच्या टप्प्यांवर. हे कळायला मला एक अख्खा पावसाळा लागला.

जुलैमध्ये मुंबईची मोठी ऑर्डर होती. आमचा बोरमा ७० अंशांच्या आसपास सहा ते आठ तास चालायचा. उशीर झाला म्हणून मी पाच तासांतच ट्रे बाहेर काढले. नीट वाळलेला गर अंगठा आणि बोटात हलकेच चोळला की साल भुशासारखी उडते. त्या दिवशी उडेना. सोलणीवरची मावशी म्हणाली, "बाबा, साल धरून बसलीय, गर ओला आहे." मी म्हटलं, "सुरीने काढा." डबे देखणे झाले. तीन आठवड्यांनी व्यापाऱ्याचा फोन आला: गर मऊ, वास कुबट. सगळा माल परत.

आमच्या पात्रांवांनी, म्हणजे मालकांनी, परत आलेला डबा उघडलाच नाही. बोरम्याची वही मागितली. तिच्यात दर तासाला तापमान लिहायचं असे. पानभर ७०, ७०, ७०. एकच पेन, एकच तिरकं अक्षर, आणि ते माझं. शनिवारी संध्याकाळी बसून आठवड्याचं भरलेलं.

"मंगळवारी दोन तास लायट नव्हती. तरी सत्तर?" मी गप्प. "सत्तरीत राहतो म्हणून सगळीकडे सत्तरच लिहायचं काय रे?"

कॉलेजात हॅसॅप, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायची पद्धत, मी पाठ केलं होतं. त्याचं मूळ अंतराळवीरांच्या अन्नात आहे. १९६०च्या सुमारास नासासाठी काम करणाऱ्या पिल्सबरी कंपनीच्या लक्षात आलं, की तयार माल तपासूनच खात्री करायची तर बराचसा माल तपासणीतच संपेल. म्हणून तयार मालापेक्षा धोक्याच्या टप्प्यांवर पहारा बसवायचा. परीक्षेत यावर मला चांगले मार्क मिळाले होते. बोरमा हा आमचा तसाच टप्पा, हे मात्र वही हातात आल्यावर सुचलं.

याची दुसरी बाजूही सांगतो. पुढे एका ठिकाणी फाइलींचा डोंगर पाहिला. प्रत्येक टप्प्याला फॉर्म, प्रत्येक फॉर्मवर तीन सह्या. पण महिनाभरात तिथे एकाही साहेबाने काजू तोंडात टाकलेला मी पाहिला नाही. ती प्रक्रिया ऑडिटरसाठी होती, काजूसाठी नव्हती. गर जास्त वाळला तर तोही सोलताना फुटतो, हे कुठल्याच फॉर्मवर दिसत नाही, हाताला कळतं.

तेव्हा नवीन असाल तर पहिले दोन महिने पॅकिंगकडे फिरकू नका. एक दिवस स्वतः फोडणीवर, म्हणजे बी फोडायच्या यंत्रावर बसा. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून बायका हाताला एरंडेल किंवा राख का लावतात ते कळेल. शिजवलेली बी पुरती थंड न होता फोडणीला आली तर पाकळ्या किती पडतात, तेही समोर दिसेल. आणि मजुरी कशी मोजतात ते विचारा. आमच्याकडे अख्खा गर आणि तुकडा एकाच काट्यावर, एकाच दराने जायचा. मग हात घाई करणारच. अख्ख्याला वेगळा दर दिल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा माझ्या ओरडण्याने कधीच पडला नव्हता.

आता तर गोव्याच्या काजूला २०२३ पासून भौगोलिक मानांकन आहे. आफ्रिकेतली बी आणून इथे फोडली, तरी डब्यातला गर सारखाच पांढरा दिसतो. बी कुठल्या गावातून, कुठल्या गोणीतून आली याची नोंद सोडली तर दाखवायला हातात काही नाही.

गेल्या पावसाळ्यातलं वहीचं एक पान माझ्यासमोर आहे. ७१, ६९, मग 'लायट गेली, ४० मिनिटं', मग ६२. खाली 'मावशी नको म्हणाली, ट्रे आणखी दोन तास ठेवले', आणि शेवटी ७०. तीन निरनिराळी अक्षरं, आणि कोपऱ्यात एरंडेलाचा डाग.