लांब कट की थिएटरचा कट? हा वाद नीट घालायचा तर

सुपरहिरोच्या सिनेमाची लांब आवृत्ती, म्हणजे लांब कट, आला की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, खरा सिनेमा हाच. दुसरा म्हणतो, अर्धा तास उगाच ताणलाय. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या मित्रमंडळींत हा वाद वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो, कारण भांडणाऱ्यांनी मुळात एकच गोष्ट पाहिलेली नसते. एकाच्या डोक्यात थिएटरातली जुनी आठवण असते, दुसऱ्याने कालच घरी लांब कट पाहिलेला असतो आणि तिसऱ्याने नुसत्या क्लिपा. वाद मात्र घालण्यासारखाच आहे. संकलनाने सिनेमाचं काय होतं हे समजून घ्यायला एकाच सिनेमाचे दोन कट समोरासमोर ठेवण्याइतकी चांगली संधी दुसरी नाही. आठ ते बारा जण, दोन घरं आणि तीन रविवार एवढ्यात तो व्यवस्थित घालता येतो.

आधी कट कोणत्या जातीचा ते ठरवा

सगळ्याच लांब आवृत्त्या एका मापाने मोजल्या की पहिल्याच दहा मिनिटांत गाडी रुळावरून घसरते.

पहिली जात सरळ भर घातलेल्या कटाची. ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ २०१६ मध्ये थिएटरात आला तेव्हा १५१ मिनिटांचा होता. त्याच वर्षी आलेली अल्टिमेट एडिशन १८२ मिनिटांची आहे. कणा तोच, मधे दृश्यं वाढवलेली. पहिल्या खेपेला हाच सिनेमा घ्या.

दुसरी जात बदलाची. ‘एक्स-मेन : डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ थिएटरात १३२ मिनिटांचा होता, २०१५ चा ‘रोग कट’ १४९ मिनिटांचा. थिएटरच्या कटात रोग (Rogue) ही नायिका शेवटी क्षणभर दिसते. लांब कटात तिला सोडवून आणण्याचं अख्खं उपकथानक आहे आणि त्यामुळे पुढच्या घटनांची मांडणीही हलते. इथे ‘किती वाढवलं’ यापेक्षा ‘कशाच्या जागी काय आलं’ हे विचारावं लागतं.

तिसऱ्या जातीत दोन कट म्हणजे जवळजवळ दोन सिनेमे. ‘जस्टिस लीग’ची २०१७ ची थिएटर आवृत्ती १२० मिनिटांची. मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाल्यावर जॉस वीडनने त्यात नवं चित्रीकरण केलं होतं. मार्च २०२१ मध्ये आलेली स्नायडरची आवृत्ती २४२ मिनिटांची, पार्श्वसंगीत वेगळं, सायबॉर्ग या पात्राची गोष्ट पुरती निराळी. तिला ‘लांबवलेला कट’ म्हणणं चूक आहे. ‘सुपरमॅन २’चा २००६ चा डॉनर कट (मूळ दिग्दर्शक रिचर्ड डॉनरचा) याच जातीचा. त्यात तर एक दृश्य कधी चित्रितच झालं नव्हतं म्हणून कलाकारांच्या स्क्रीन टेस्टचं फुटेज वापरलं आहे. असं पुन्हा जुळवलेलं काम तपासताना ‘दिग्दर्शकाला काय करायचं होतं’ हा प्रश्न रास्त ठरतो. साध्या भर घातलेल्या कटात तो लगेच आणू नये.

आणि एक कात्री वेगळीच, सेन्सॉरची. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मधलं चुंबनदृश्य भारतातल्या थिएटरांत छाटून दाखवलं गेलं. तेव्हा ‘मी ठाण्यात थिएटरात पाहिला’ याचा अर्थ जगभरचा थिएटर कट पाहिला असा होतोच असं नाही. आठवणीतलं दृश्य आणि पडद्यावरचं दृश्य जुळत नसेल तर आधी ही शक्यता तपासा.

आवृत्ती हातात आहे तीच आहे ना?

प्ले करण्याआधी एकूण वेळ बघा. नावाखाली काय लिहिलंय त्यापेक्षा मिनिटांचा आकडा खरा. फक्त एक खाच लक्षात ठेवा: जुन्या पाल (PAL) पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम धावतात, म्हणजे सिनेमा ४ टक्के लवकर संपतो. १८२ मिनिटांचा कट तिथे साधारण १७५ मिनिटांचा दिसेल आणि १५१ चा १४५ चा. यात काहीही कापलेलं नसतं. ही सहा-सात मिनिटं ‘गायब दृश्यं’ म्हणून शोधत बसू नका.

डिस्क बाहेरून मागवत असाल तर रीजन, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते त्याचा कोड, पाहा. भारत डीव्हीडीसाठी ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी सी मध्ये येतो. अमेरिकेतली ब्लू-रे बहुधा ए ची असते आणि आपल्या प्लेअरवर अडू शकते. ४के डिस्कना रीजन नसतं.

चौकटही बघा. बॅटमॅनच्या याच लांब आवृत्तीची २०२१ मध्ये आलेली ४के प्रत आयमॅक्सची दृश्यं पूर्ण उंचीने दाखवते, आधीच्या प्रतींत ती पट्टीसारखी रुंद आहेत. एका घरात ही प्रत आणि दुसऱ्या घरात ती प्रत लागली तर लोक संकलनाबद्दल बोलतोय असं समजून चित्राच्या भव्यतेबद्दल बोलत राहतात.

भाषा दोन्ही वेळा मूळ इंग्रजीच ठेवा, सबटायटल हवी तर दोन्ही वेळा. एका कटाला हिंदी डबिंग आणि दुसऱ्याला इंग्रजी असं झालं की पात्रांचा स्वभावच बदलल्यासारखा वाटतो. सबटायटलची फाइल वेगळी जोडत असाल तर ती त्याच कटाची असली पाहिजे. थिएटर कटाची फाइल लांब कटाला लावली की पहिल्या वाढीव दृश्यानंतर ती कायमची चुकते, मागेपुढे सरकवून दुरुस्त होत नाही. चाहत्यांनी घरी जोडलेले कट या कामात घेऊच नका. त्यातल्या चुका कोणाच्या नावावर टाकायच्या हेच ठरत नाही.

दोन घरं, उलटे क्रम

सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून इथे घाई नको.

ज्याने आधी छोटा कट पाहिला त्याला लांब कटातली नवी दृश्यं अडथळ्यासारखी वाटतात, कारण पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असतं. ज्याने आधी लांब कट पाहिला त्याला छोट्यात जागोजागी भोकं दिसतात, कारण काय काढलंय ते त्याला ठाऊक असतं. दोघंही खरं सांगत असतात, पण त्यांच्या मतातला बराच हिस्सा क्रमाने घडवलेला असतो. म्हणून मंडळी दोन भागांत वाटा. ठाण्याचा गट, समजा नौपाड्यातल्या घरी, पहिल्या रविवारी थिएटर कट पाहील. नेरूळचा गट त्याच दिवशी लांब कट. पुढच्या रविवारी अदलाबदल. तिसऱ्या रविवारी सगळे एकत्र. ज्यांनी सिनेमा आधीच पाहिलाय ते दोन्ही गटांत सारखे वाटून घ्या, नाहीतर एका घरी सगळे जुने जाणकार आणि दुसऱ्या घरी सगळे नवखे असं होतं.

एकाच दिवशी दोन्ही कट पाहू नका. साडेपाच तासांनंतर कोणताही सिनेमा लांबच वाटतो. आणि चर्चेच्या दिवसापर्यंत ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही, ‘बघितला’ एवढं सोडून. पहिल्या रविवारी रात्री कोणीतरी आवाज चढवून मत टाकलं की दुसरा आठवडा वाया गेला.

सिनेमा घरीच लावा, सोसायटीच्या हॉलमध्ये नको. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापरापुरतं असतं आणि हॉलमध्ये जाहीरपणे सिनेमा दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते. हॉल चर्चेसाठी घ्या, सेक्रेटरींना तसं स्पष्ट सांगून. अल्टिमेट एडिशनला अमेरिकेत जास्त कडक ‘आर’ प्रमाणपत्र आहे, थिएटर कटाला पीजी-१३ होतं. तेव्हा शाळकरी मुलांना यात घेऊ नका.

टीव्हीची तयारी

मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीतली सोय, बंद करा. एलजीवर ते ट्रूमोशन या नावाखाली सापडतं, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर पिक्चर क्लॅरिटी. चालू राहिलं तर मारामारीची दृश्यं मालिकेसारखी गुळगुळीत दिसतात आणि दोष सिनेमावर जातो.

झूम आणि स्ट्रेच बंद. स्नायडरचा ‘जस्टिस लीग’ ४:३ चौकटीत आहे, त्यामुळे टीव्हीवर डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच; पडद्याचा चौथा हिस्सा काळा राहतो. ५५ इंची टीव्हीवर चित्र साधारण ९१ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच दिसेल. पट्टे खटकतात म्हणून कोणी रिमोट दाबला की पात्रांची डोकी कापली जातात. चौकट मुद्दाम उंच ठेवली आहे आणि २०१७ च्या आवृत्तीत वरखाली कापलेलं चित्र इथे दिसतं, हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाका.

लॅपटॉपवरून एचडीएमआयने लावताना आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर कॉपी-संरक्षण आडवं आलंय. स्वस्त स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर मधून काढा, केबल थेट टीव्हीला लावा. त्याहून बरं म्हणजे टीव्हीतलंच अॅप वापरा. दोन घरं व्हिडिओ कॉलवर जोडून स्क्रीन शेअर करायचा विचार याच कारणाने फसतो.

सबवूफर थेट लादीवर ठेवलात तर धमक स्लॅबमधून खालच्या फ्लॅटपर्यंत जाते. खाली जाड रबरी मॅट किंवा फोम घाला. दुपारी ४ ला सुरू केलं तर २४२ मिनिटांचा सिनेमा पंधरा मिनिटांच्या दोन विश्रांती धरून साडेआठच्या आसपास संपतो. त्या सिनेमाचे सहा भाग आणि उपसंहार आहेत, म्हणून विश्रांती भाग संपल्यावरच घ्या, मधेच नाही. पावसाळ्यात राउटरही इन्व्हर्टरवर टाका. नुसता टीव्ही चालू राहून उपयोग नाही.

नोंदी कशा घ्यायच्या

पाहताना वही नको, निदान पहिल्या कटाला. दुसऱ्या वेळी प्रत्येकाने कागदावर चार रकाने आखावेत: मिनिट, काय वाढलं किंवा गेलं, त्याने काय काम केलं, काढलं तर काय बिघडतं. ‘काम’ या रकान्यात चारच शब्द चालतील: कारण, पात्र, जग, लय. ‘मस्त’ आणि ‘बोअर’ हे शब्द तिथे लिहायचे नाहीत. कोणत्या कटाचं मिनिट तेही लिहा, कारण लांब कटातला ९० वा मिनिट छोट्या कटात कितीतरी आधी येतो.

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये ही पद्धत कशी फळते ते पाहा. सुपरमॅनविरुद्ध साक्ष देणारी आफ्रिकेतली बाई लांब कटात कबूल करते की तिला खोटं बोलायला लावलं होतं. क्लार्क, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, बॅटमॅनच्या गॉथम शहरात जाऊन बॅटमॅनने डागलेल्या कैद्याच्या जवळच्या बाईशी बोलतो. ही दोन्ही ‘कारण’ रकान्यात जातात: खलनायक लेक्सचा डाव समजतो आणि क्लार्कचा बॅटमॅनवरचा राग हवेतून आलेला वाटत नाही. ती काढली की थिएटर कटासारखं होतं, माणसं भांडतात पण का ते प्रेक्षकाने गृहीत धरायचं.

खरी चर्चा मात्र अमेरिकी संसदभवनातल्या स्फोटावर करा. बॉम्ब असलेल्या व्हीलचेअरला शिशाचा थर होता, हे लांब कटात कळतं. सुपरमॅनची आरपार पाहणारी नजर शिशातून जात नाही, म्हणून त्याला बॉम्ब का दिसला नाही याचा उलगडा होतो. पण स्फोटानंतर तो प्रेयसी लोइसपाशी म्हणतो की आपण पाहतच नव्हतो म्हणून दिसलं नसावं. थिएटर कटात ही अपराधी भावना खरी असू शकते. लांब कटात आपल्याला कळतं की तो स्वतःला विनाकारण दोष देतोय. एका तपशिलाने कथानकातलं भोक बुजलं आणि पात्राच्या दुःखाचा अर्थ बदलला. हा बदल चांगला की वाईट यावर दोन समंजस माणसं तासभर वाद घालू शकतात आणि घालावाच.

चर्चेचा दिवस

जागा ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर मधली घ्या, घणसोली किंवा कोपरखैरणे; दोन्ही गटांना सारखं पडतं. रविवारचा रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून वेळ ठरवा, सहसा संध्याकाळी ५ नंतर सोयीचं जातं.

एक जण सूत्रधार, तो मत देणार नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं, हातात नोंदीचा कागद. बोलण्याआधी समोरच्याचा मुद्दा त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचा. तो ‘हो, हेच’ म्हणाला की पुढे जायचं. पहिल्या फेरीत हे कंटाळवाणं वाटतं, दुसऱ्या फेरीत अर्धे मतभेद तिथेच विरतात.

तीन प्रश्न वेगळे ठेवा आणि तिन्हींवर वेगळी मतं घ्या: सिनेमा म्हणून कोणता कट चांगला, दिग्दर्शकाच्या मनातल्या कामाच्या जवळ कोणता, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला कोणता दाखवाल. एकच माणूस पहिल्याला छोटा आणि दुसऱ्याला लांब म्हणू शकतो, त्यात विसंगती नाही. तिन्हींची बेरीज करून ‘विजेता’ काढलात तर पुन्हा तोच जुना गोंधळ.

सूत्रधाराने तीन गोष्टी तिथल्या तिथे थांबवाव्यात: किती धंदा केला, समीक्षकांनी किती गुण दिले, आणि कॉमिक्समध्ये कसं आहे. पहिल्या दोन संकलनाबद्दल काहीच सांगत नाहीत. तिसरी दोन्ही कटांना सारखीच लागू पडते.

मतं मोजताना ठाणे आणि नेरूळ गटांचे आकडे आधी वेगळे मांडा. ज्या गटाने जो कट आधी पाहिला त्याच्याच बाजूने बहुतेक हात वर गेले असतील, तर क्रम बोलतोय असा संशय धरा आणि निकालाला फार किंमत देऊ नका. दोन्ही गट क्रम उलटा असूनही एकाच बाजूला झुकले, तर तो कौल धरून चालायला हरकत नाही. कागद गोळा करून फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ‘रोग कट’ घेताना ‘जग’ आणि ‘लय’ या रकान्यांत कोण काय लिहितं हे त्यांच्याशी ताडून बघता येईल.