हान्सा-पार्क आणि झीर्क्सडोर्फचा किनारा: मुलांना घेऊन कसं जावं

हॅम्बुर्गमधल्या कुणालाही विचारा, "मुलांना घेऊन ओस्टसेला (म्हणजे बाल्टिक समुद्रावर) जायचंय, कसं करू?" उत्तर ठरलेलं: "सकाळी हान्सा-पार्कच्या राइड्स, दुपारी शेजारचा बीच, रात्री घरी." असा सल्ला देणाऱ्यांना एकतर मुलं नसतात, नाहीतर ती एव्हाना नोकरीला लागलेली असतात. पार्कमधून दुपारी तीनला मूल बाहेर काढून बघा. मग बोलू.

जागा मात्र अस्सल आहे. ल्यूबेकच्या उपसागराच्या काठावर झीर्क्सडोर्फ हे छोटं गाव, गावाला लागून हान्सा-पार्क आणि पार्कच्या पलीकडे लगेच समुद्र. पार्क १९७७ पासून सुरू आहे, सुरुवातीला हान्सालँड या नावाने. त्याआधी तीनेक वर्षं तिथे लेगोलँड होतं. दक्षिणेला हाफक्रूग आणि शारबॉइट्स, उत्तरेला नॉयश्टाट. वाळू बारीक, उतार सौम्य, भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. कोकणात वाढलेल्या माणसाला हे पाणी समुद्राचं वाटतच नाही. तोंडात गेलं तर आपल्याकडच्या निम्मंही खारट लागत नाही.

पार्क आणि पोहणं एका दिवसात कोंबू नका

दोन दिवस काढा. नॉयश्टाटला किंवा हाफक्रूगला एक रात्र राहा, नाहीतर दोन वेगवेगळ्या शनिवारी या. उन्हाळ्यात पार्क साधारण नऊ ते सहा चालतं (त्या दिवसाची वेळ बघून घ्या) आणि जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री पावणेदहाच्या पुढे मावळतो. म्हणजे पार्कनंतर किनाऱ्यावर पाय भिजवायला, वाळूत लोळायला भरपूर उजेड उरतो. तेवढंच करा. पोहणं त्या संध्याकाळी नाही: मुलं दमलेली असतात आणि जीवरक्षकांचं काम तोवर आटोपलेलं असतं.

दोन दिवसांतला कोणता पार्कचा आणि कोणता समुद्राचा, हे तुम्ही ठरवायचं नाही. ते वारा ठरवतो. म्हणून पार्कचं तारखेचं तिकीट अंदाज बघितल्यावरच काढा, हौसेने महिनाभर आधी नको.

वारा

तापमान सगळे बघतात, वारा कुणी बघत नाही. मलाही हे उमगायला काही उन्हाळे जावे लागले, कारण या किनाऱ्यावर जे डोळ्यांना सुरक्षित दिसतं तेच घातक असतं.

नकाशा उघडा. झीर्क्सडोर्फचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि या भागात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. किनाऱ्यामागची घरं, झाडं आणि उंच कडा हा वारा अडवतात, त्यामुळे वाळूवर बसलेल्या माणसाला तो जाणवतच नाही. काठाजवळचं पाणी चकचकीत सपाट. आई-बाबा खूश, मुलांना फुगवलेल्या फ्लेमिंगोवर बसवतात. जरा आत गेलं की मागचा आडोसा संपतो आणि वारा फ्लेमिंगोच्या मानेला धरतो. त्यानंतर तो थेट उपसागरापलीकडच्या मेक्लेनबुर्गच्या दिशेने निघतो आणि कुठलाही बाप त्याला पोहून गाठू शकत नाही.

म्हणून माझा नियम सरळ आहे: फुगवायची कुठलीही वस्तू समुद्रात न्यायची नाही. गादी नाही, बोट नाही, मगर नाही, डोनट नाही. तलावावर न्या, बागेतल्या टबात न्या. "आम्ही दोरी बांधतो" म्हणणारेही भेटतात. ती दोरी धरणारा हात पाच मिनिटांनी फोन धरतो.

आणि फुगा रिकामाच वाहून गेला तर जाऊ द्या. त्याच्यामागे पोहत जाऊ नका, मूल कितीही रडलं तरी. बुडणाऱ्यांत वस्तूच्या मागे गेलेली मोठी, चांगली पोहणारी माणसं असतात. फुग्यावर मूल असेल तर ताबडतोब जीवरक्षकांना हाक मारा, ते नसतील तर ११२ फिरवा, आणि मुलाला ओरडून सांगत राहा की फुगा सोडू नकोस. वर बसलेलं मूल तरंगत तरी असतं.

पश्चिमेच्या वाऱ्याची दुसरी खोडी पाण्यात कळते. तो वरचं तापलेलं पाणी आत ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी वर येतं. हवा तीस अंश, आणि पाणी आदल्या दिवसापेक्षा चार-पाच अंशांनी उतरलेलं. एरवी जुलै-ऑगस्टमध्ये इथे सतरा ते वीस अंश धरून चालावं. "कालच तर छान होतं" असं म्हणत माणसं पोटऱ्यांपर्यंत जाऊन परत फिरताना दिसतात, ती याच दिवशी.

पूर्वेचा वारा याच्या उलट. पाणी कोमट, लाटा अंगावर, मुलांची चंगळ. पण सोबत शेवाळ आणि जेलीफिश काठाला येऊन साचतात. जोर वाढला तर पोहणं बंद होतं.

तर समुद्रासाठी दिवस कोणता? पूर्वेचा किंवा आग्नेयेचा मंद वारा, बोफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर दोन-तीन. चारच्या पुढे कुठल्याही दिशेचा असला तरी त्या दिवशी पार्कला जा. किनाऱ्यावर वाळू डोळ्यांत आणि डब्यात जाते, बाकी काही होत नाही. जर्मन हवामान खात्याच्या ॲपमध्ये सरासरी वेगाबरोबर झोतांचा आकडाही असतो, तोही बघा. एक घोळ हमखास होतो: अंदाजात "पश्चिम" लिहिलं असेल तर वारा पश्चिमेकडून येतोय, बाण मात्र बहुतेक ठिकाणी तो जातो त्या दिशेला काढलेला असतो. शंका आली तर किनाऱ्यावर पोचल्यावर एखादा झेंडा बघा. कापड समुद्राकडे फडफडत असेल तर मी वर सांगितलेलं सगळं लागू. जीवरक्षकांनी वारा दाखवणारी नारिंगी कापडी नळी चढवली असेल तर ती याचसाठी आहे: फुगवलेल्या वस्तू आत नेऊ नका.

पोचणं

हॅम्बुर्गहून रिजनल एक्सप्रेसने ल्यूबेक पाऊण तास, तिथून नॉयश्टाटच्या गाडीने झीर्क्सडोर्फ. डॉइचलांडटिकेट (देशभराचा मासिक पास) चालतं आणि स्टेशनवरून पार्क आणि किनारा दोन्ही पायी आहेत. या मार्गावर कामं निघतात, रेल्वेऐवजी बस आहे का ते आदल्या रात्री तपासा. गाडीने येत असाल तर शनिवारी सकाळी दहानंतर ए-१ महामार्गावर निघू नका.

किनाऱ्याचे पैसे

हो, किनाऱ्यावर बसायचे पैसे लागतात. दिवसाभरासाठी आलेल्या मोठ्या माणसाला काही युरो कूरआबगाबे (किनारा-कर) भरावी लागते, मशीनवर किंवा ऑनलाइन. मुक्काम असेल तर घरमालक ओस्टसेकार्ड देतो, ते खिशात ठेवा. तपासायला माणूस येतो. "आम्हाला माहीत नव्हतं" हे त्याने सगळ्या भाषांत ऐकलेलं असतं.

स्ट्रांडकोर्ब घ्या, तंबू आणू नका

स्ट्रांडकोर्ब, म्हणजे वेताची ती छत्रीवाली खुर्ची, फोटोसाठी नसते. १८८२ साली रोस्टॉकच्या विल्हेल्म बार्टेलमान नावाच्या बुरुडाने संधिवाताच्या एका बाईंसाठी पहिली खुर्ची विणली, वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून. आजही तिचं काम तेच. डिकॅथलॉनचा तंबू इथे तासाभरात लोळण घेतो.

एकात दोन माणसं बसतात. चौघांच्या कुटुंबालाही एकच पुरे, मुलं बसत नाहीतच. पुण्याहून आई-बाबा आले असतील तर मात्र तो त्यांचा; तुम्ही सतरंजीवर. शनिवार-रविवारसाठी आधी नोंदवा, एरवी सकाळी टपरीवर मिळतो. टपरीवाला किल्ली आणि नंबर देतो. पुढची लाकडी जाळी काढून बाजूला ठेवा, खालून पाय ठेवायच्या फळ्या ओढा, दोन्ही कडांना घडीची छोटी टेबलं असतात. पाठ मागे झुकवायची तर आधी बाजूची कडी मोकळी करा, नुसतं रेटू नका.

मग तो फिरवा. पाठ वाऱ्याकडे, हे पहिलं, ऊन नंतर. पश्चिमेचा वारा असेल तर तोंड आपोआप समुद्राकडे होतं आणि सकाळचं ऊन समोरून मिळतं. पूर्वेचा सुटला की अख्ख्या किनाऱ्यावरचे स्ट्रांडकोर्ब समुद्राकडे पाठ करून बसतात. नवखी मंडळी समुद्र दिसावा म्हणून सरळ बसून कुडकुडतात. फिरवताना दोघांनी दोन्ही बाजूंच्या मुठी धरून उचलायचं. वरच्या टपाला धरून ओढू नका, तिथेच तो खिळखिळा होतो.

कपडे बदलायला सगळीकडे खोल्या नसतात, लोक टॉवेल गुंडाळून उघड्यावर बदलतात. काही पट्ट्यांवर एफकेके अशी पाटी असते, तिथे कपडे घालायचेच नसतात. आई-बाबांना ट्रेनमध्येच सांगून ठेवा.

पाण्यात

लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षक हजर. त्यासोबत नुसता पिवळा चढला तर मुलं आणि न पोहणारे बाहेर. लाल म्हणजे कुणीच नाही. झेंड्यांच्या टापूतच उतरा, पलीकडची जागा रिकामी दिसली तरी.

मुलाला सीफेर्डखनचा (पोहायला शिकणाऱ्यांचा पहिला) बिल्ला मिळालाय म्हणून खाली बसून राहू नका. तो पंचवीस मीटरचा, आणि पोहण्याच्या तलावातला. कांस्य बिल्ला मिळेपर्यंत मूल पोहू शकतं असं इथले जीवरक्षकही मानत नाहीत. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात, मुलाच्या आणि खोल समुद्राच्या मध्ये उभे राहा. काठावरून "फार आत जाऊ नको" ओरडण्याला अर्थ नाही.

पारदर्शक, मध्ये चार जांभळट कड्या असलेला जेलीफिश निरुपद्रवी. तांबूस-पिवळा, लांब तंतूंचा दिसला तर बाहेर. चावलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, नळाच्या नाही, आणि चोळू नका. ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरवट मळी तरंगताना दिसली तर लहानांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा.

ओला पोहण्याचा पोशाख अंगावर वाळवायची आपली सवय इथे सोडा. वाऱ्यात दहा मिनिटांत ओठ निळे पडतात. मुलामागे दोन जोड.

खाणं

थेपले, दशम्या, चटणी घरून. मासे खात असाल तर मात्र बिस्मार्क हेरिंगचा ब्रोटखन चुकवू नका: व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा, कच्चा कांदा, काकडीचं लोणचं, कडक पाव. खाताना पाठ भिंतीला लावा. सीगल मागून येतो आणि पाव ठेवून मासा नेतो. शाकाहाऱ्यांच्या नशिबी बटाट्याचे काप. शौचालयासाठी सुटी नाणी ठेवा.

पार्कच्या दिवशी

दार उघडायच्या आधी अर्धा तास पोचा. प्रवेशद्वार ल्यूबेकच्या होल्स्टनटोअरची नक्कल आहे. फोटो परतताना काढा, आत जाऊन आधी मोठ्या राइडची रांग धरा. मुलांची उंची घरीच मोजा, दारात वाद नको. नेसी ही १९८० पासूनची उलटी गिरकी घेणारी गाडी, आजच्या मानाने सौम्य आणि पहिल्यांदा बसणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम. हायलँडर हा १२० मीटर उंच मनोरा, वरून खाली सोडतो. वरून सगळा उपसागर दिसतो, डोळे उघडे ठेवता आले तर. कार्नान या रोलरकोस्टरच्या मनोऱ्यात आत काय होतं ते मी सांगत नाही, आणि व्हिडिओ बघून जाऊ नका. रांगेत शिरण्याआधी आजोबांना मात्र विचारून घ्या, रक्तदाबाची गोळी घेतलीत ना, आणि चष्मा खिशात घालायला लावा.