आधी झबलं वर करा

लहान मूल आजारी पडलं की घरात काय हवं? थर्मामीटर, पॅरासिटामॉल, नाकात घालायचे सलाईनचे थेंब, डॉक्टरांचा नंबर. हे असतंच घरात, पुढे चला.

मी लिहायला बसले ती गोष्ट वेगळीच आहे. सर्दी-खोकला-ताप असलेल्या दीड-दोन वर्षांच्या पोराचं झबलं दिवसातून तीन-चारदा, आणि रात्री झोपल्यावर नक्की, गळ्यापर्यंत वर करायचं, ट्यूबलाइट लावायची आणि श्वास घेताना छाती-पोट कसं हलतं ते बघायचं. गेल्या जुलैत मी हे केलं नाही. भांडुपला पाऊस धो धो, खिडक्या बंद, पोरगा स्वेटर-कानटोपीत आणि वर आजीची गोधडी. मी दर तासाला वहीत ताप लिहीत होते. १०२, १०१.४, ९९.८. पहाटे तीनला ताप उतरला तशी हुश्श करून आडवी झाले. सकाळी डॉक्टरबाईंनी स्वेटर वर केला आणि काही न बोलता बोट दाखवलं. श्वास आत घेताना दर वेळी शेवटच्या बरगडीखाली खड्डा पडत होता, माझा अंगठा मावेल एवढा. ‘कधीपासून?’ वहीत तापाचे सतरा आकडे होते आणि याचं उत्तर एकाही पानावर नव्हतं. चार दिवस ऑक्सिजनवर काढले.

तर झबलं वर. मग श्वास मोजायचे. फोनवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. पोट वर आलं की एक. मूल झोपलेलं किंवा शांत हवं, रडताना मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास, दोन महिने ते एक वर्ष ५०, त्याहून तान्ह्याला ६०. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. तरी तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, ‘उद्या बघू’ नाही. आणि तान्हं दोन महिन्यांखालचं असेल तर या मोजामोजीत वेळ घालवू नका, लगेच निघा. श्वास मोजणं अवघड वाटत असेल तर आठवा, गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांना वाळूचं घड्याळ आणि मणी देऊन हेच शिकवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आपल्या हातात तर स्मार्टफोन आहे.

आकडा मात्र एकटा पुरत नाही. खड्डा दिसला तर आकडा कितीही असो, निघा. मूल शांत असताना खड्डा, नाकपुड्या फुलणं, दर श्वासाला कण्हणं, मान डोलणं, श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज, यातलं एकही असेल तर ताप उतरायची वाट बघायची नाही. (नाक चोंदल्याची घरघर वेगळी. थेंब टाकून नाक साफ केलं की ती कमी होते, खड्डा कमी होत नाही.) पाणी-दूध घेतच नाही, सगळं उलटून टाकतं, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, झटका आला, ओठ-जीभ निळी-करडी पडली, तर थेट इस्पितळ. आपल्या सावळ्या रंगात ओठांवरून कळत नाही, जीभ आणि हिरड्या बघा, तेही पांढऱ्या दिव्यात. मोठ्यांचा ऑक्सिमीटर चिमुकल्या बोटाला लावून ९७ आला म्हणून निवांत बसू नका, तो ढिला बसतो, काहीही दाखवतो. त्यापेक्षा झबलं वर करा.

ताप-सर्दी काही नाही आणि खेळता खेळता एकदम ठसका, मग शिट्टीसारखा श्वास? शेंगदाणा, फुटाणा, खेळण्याचा तुकडा. ठसका थांबला तरी दाखवायचंच.

करू नये ते: पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ (पोरं भाजतात), छातीला कापूर, शेजारणीचं नेब्युलायझर, मोठ्या भावाचं उरलेलं सिरप. क्लोरफेनिरामीन आणि फिनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखाली देऊ नये, हे २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी बाटलीवर छापायला लावलं आहे. वाचा ते. सासूबाईंच्या ओव्याच्या पुरचुंडीवरून भांडायला मला वेळ नाही. फक्त ती ठेवायलाही झबलं वर करावंच लागतं, तेवढ्यात बघून घ्या.

निघायची तयारी. रात्री लहान मुलांचा डॉक्टर हजर असतो असं जवळचं इस्पितळ कुठलं, हे आज दुपारी फोन करून विचारा, रात्री दोनला नाही. मुंबईत परळच्या वाडिया किंवा केईएम इस्पितळात जायचं असेल तर उपनगरातली रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, टॅक्सी बघावी लागते, आणि त्या वेळी लोकलही नसते. मूल निळं किंवा निपचित असेल तर १०८. फाइल, वजन किलोत, शेवटचा डोस किती वाजता, चार्जर, दोन डायपर, पैसे. झालं.

हो, एक राहिलं. झबलं वर केलेल्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर पोर रडायला लागतं आणि काही दिसत नाही.

टॅक्सीत मुलाला आडवं झोपवू नका, मांडीवर बसतं धरा. पाऊस आहे म्हणून गोधडी गुंडाळालच. पायांवर गुंडाळा. छाती उघडी राहू दे, बघता येईल अशी.